दोन पाकळ्यांची झडप दिसली, तर महाधमनीही मोजा
(एको करणाऱ्या, एको वाचणाऱ्या आणि रुग्णाला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र)

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञ, फिजिशियन, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे डॉक्टर व तंत्रज्ञ आणि गावोगावचे फॅमिली डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हृदयशस्त्रक्रिया विभागात मी परिचारिका होते. नोकरीची बहुतेक वर्षं ऑपरेशननंतरच्या आयसीयूत गेली. आता निवृत्त आहे. आपल्यासारख्यांच्या हाताखालीच शिकले, म्हणून आपल्याला हक्काने काही सांगावंसं वाटतं.

महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेला माणूस आपल्यासमोर आला, तर रिपोर्टमध्ये झडपेची नोंद करून थांबू नका. झडपेच्या वर महाधमनीचा जो भाग आहे तो मोजा आणि त्याचा व्यास सेंटीमीटरमध्ये लिहा. नीट दिसला नाही तर ‘दिसला नाही’ असं लिहा आणि सीटी किंवा एमआरआय सुचवा. त्या माणसाच्या आईवडिलांना, सख्ख्या भावंडांना आणि मुलांना एकोसाठी बोलवा. माझी मुख्य मागणी ही आहे.

हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील, म्हणून आपल्याला माहीत असलेलं थोडं पुन्हा सांगते. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, शिरतं तिथे ही झडप असते. शंभरात एका-दोघांच्या बाबतीत तिच्या पाकळ्या गर्भातच नीट सुट्या होत नाहीत आणि दोनच पाकळ्यांवर काम चालतं. हृदयाच्या जन्मजात दोषांमध्ये हा सर्वांत जास्त आढळतो. पुरुषांत त्याचं प्रमाण बायकांच्या दुप्पट-तिप्पट असतं. लहानपणी बहुतेकांना काहीच त्रास नसतो. मूल धावतं, पोहतं, तालमीत जातं. पुढे चाळिशी-पन्नाशीत त्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचून झडप अरुंद होते, किंवा ती गळायला लागते, आणि मग धाप, चक्कर, छातीत दुखणं सुरू होतं. इथपर्यंत सगळे डॉक्टर रुग्णाला समजावून सांगतात.

न सांगितलं जाणारं पुढे आहे. हा दोष झडपेपुरता नसतो. दोन पाकळ्या असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांची महाधमनी हळूहळू रुंद होत जाते. तिच्या भिंतीतले लवचीक तंतू मुळातच कमजोर असतात. शिवाय दोन पाकळ्यांमधून निघणारी रक्ताची धार सरळ न जाता तिरकी जाते आणि वर्षानुवर्षं भिंतीच्या एकाच बाजूवर आदळते. त्यामुळे झडप उत्तम चालत असतानाही महाधमनी फुगू शकते. झडप बदलून झाली तरी नंतर फुगत राहू शकते. आणि हे होत असताना रुग्णाला काहीही जाणवत नाही. ती कुणीतरी मोजल्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही.

एका रुग्णाचं सांगते. नाव, गाव, रुग्णालय लिहीत नाही. मार्केट यार्डात हमाली करणारा, चाळिशीच्या आतला माणूस. रात्री जेवून उठला आणि छातीत एकदम जोराची कळ आली. ती पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध गेली. तालुक्याला इसीजी झाला, तिथून जिल्ह्याला, तिथून आमच्याकडे. बायकोच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि तिच्यात नवऱ्याचे सगळे जुने कागद नीट घडी घालून ठेवलेले होते. त्यात काही वर्षांपूर्वीचा एकोचा रिपोर्ट निघाला. ‘बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह, माइल्ड एआर, गुड एलव्ही फंक्शन.’ म्हणजे झडप दोन पाकळ्यांची, थोडी गळणारी, हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम चांगलं. त्या छापील नमुन्यात ‘असेंडिंग एऑर्टा’ (झडपेच्या वरची महाधमनी) अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढची जागा कोरी होती. बायको सारखी सांगत होती, “काळजीचं काही नाही म्हणाले होते हो, म्हणून परत नाही गेलो.”

सीटीमध्ये महाधमनी सहा सेंटीमीटरच्या पुढे गेलेली दिसली आणि तिचा आतला पदर फाटून रक्त भिंतीत शिरलं होतं. रात्रीच टेबलावर घेतलं. तो वाचला नाही.

मधली सगळी वर्षं त्या माणसाने पाठीवर पोती वाहिली. जड ओझं उचलताना दम रोखला की रक्तदाब क्षणभर कितीतरी वर जातो आणि पातळ झालेल्या भिंतीला तोच झटका बसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं, माप कुणाकडेच नव्हतं. महाधमनी मोजायला एकोच्या टेबलावर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. प्रोब एक बरगडी वर सरकवावा लागतो, रुग्णाला डाव्या कुशीवर आणखी थोडं वळवावं लागतं. बाहेर चाळीस पेशंटची रांग असते हे मी पाहिलेलं आहे, तरीही ही मिनिटं मी मागते आहे.

आमच्या सरांनी नंतर त्याच्या धाकट्या भावाला निरोप धाडून बोलावून घेतलं. त्याच्याही झडपेला दोनच पाकळ्या होत्या आणि महाधमनी ४.७ सेंटीमीटर. त्यालाही काही त्रास नव्हता. आता तो दरवर्षी येऊन मोजून जातो, रक्तदाबाची गोळी घेतो आणि पोती उचलणं सोडून तोलाईच्या कामावर गेला आहे. दोन पाकळ्यांचा दोष सापडलेल्या माणसाच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला तो सापडतो. काही नातेवाइकांची झडप तीन पाकळ्यांची असूनही महाधमनी मात्र रुंद निघते. आईवडील, भावंडं, मुलं यांचा एको करा, हे एक वाक्य रिपोर्टच्या तळाशी छापून ठेवायला काय हरकत आहे?

घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. दोन पाकळ्यांच्या झडपेच्या माणसाला महाधमनी फाटण्याचा धोका इतरांच्या साधारण आठपट असतो असं अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या दीर्घ पाहणीत दिसलं, पण मुळात ही घटनाच दुर्मीळ असल्यामुळे आठपट होऊनही आकडा लहानच राहतो. त्याच पाहणीतल्या रुग्णांचं आयुष्यमान इतर लोकांइतकंच भरलं. मात्र ते लोक नेमाने तपासले जात होते आणि गरज पडली तेव्हा त्यांची ऑपरेशनं झाली. आपल्याकडे नेमकी हीच कडी तुटते.

ऑपरेशन कधी करायचं याचे आकडे आपल्याला पाठ आहेत. व्यास ५.५ सेंटीमीटर झाला की करायचं. घरात कुणाची महाधमनी फाटलेली असेल, महाधमनी पुढे कुठे जन्मतः आकसलेली असेल किंवा वर्षाला तीन मिलिमीटर किंवा जास्त वेगाने वाढत असेल, तर ५ लाच विचार करायचा. झडपेसाठी छाती उघडणारच असू, तर ४.५ ची महाधमनीही त्याच वेळी बदलायची. पण हे आकडे धिप्पाड माणसांच्या देशांत ठरले आहेत आणि आपल्या बायकांची उंची त्यात कुठे बसते, हा प्रश्न मला आयसीयूत नेहमी पडायचा. तज्ज्ञांनी याचंही उत्तर दिलेलं आहे. महाधमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये काढायचं आणि मीटरमधल्या उंचीने भागायचं. उत्तर दहा किंवा जास्त आलं तर ऑपरेशनचा विचार करायचा. व्यास ४.५ धरा. क्षेत्रफळ येतं १५.९. सहा फुटी पुरुषाला भागलं की ८.७ उरतात, म्हणजे थांबायला हरकत नाही. १४८ सेंटीमीटर उंचीच्या बाईला भागलं की १०.७ येतात. तोच व्यास, आणि ती मर्यादेच्या पुढे गेलेली. अशा बाईला ‘अजून ५.५ झालेलं नाही, वर्षाने या’ म्हणून परत पाठवू नका. त्यासाठी रिपोर्टवर व्यासाशेजारी उंचीही लिहा. नोंदणीच्या टेबलावर ती मोजली जातेच, पण पुढे कुठे पोचत नाही.

आता ऑपरेशनबद्दल. ‘व्हॉल्व्ह बदलायचा’ एवढंच सांगून रुग्णाला सर्जनकडे धाडलं, तर तो चुकीची समजूत घेऊन जातो. झडप आणि तिच्या मुळापासूनची महाधमनी दोन्ही खराब असतील, तर डेक्रॉनच्या (कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या) नळीला झडप जोडून तो सगळा भाग एकत्र बदलतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांची तोंडं बटणाएवढ्या गोल चकतीसह कापून नव्या नळीत शिवतात. लंडनमध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी या ऑपरेशनची मूळ पद्धत १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं होतं. साधनं नसतानाही आपली माणसं तेव्हा कुठे होती हे आठवलं की मला अजून भरून येतं.

झडपेच्या पाकळ्या चांगल्या असतील आणि फक्त महाधमनी फुगलेली असेल, तर झडप वाचवता येते. टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये ती पद्धत मांडली. रुग्णाची स्वतःची झडप डेक्रॉनच्या नळीच्या आत पुन्हा शिवून बसवतात. पाकळ्या फार लोंबत असतील तर टाका घालून त्यांची कड उचलतात. कष्टाचं आणि वेळ खाणारं काम आहे. हृदय बंद ठेवून हार्ट-लंग मशीनवर रुग्ण जास्त वेळ राहतो. पण यशस्वी झालं तर रक्त पातळ करण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही. ज्यांच्या हातून हे ऑपरेशन नेमाने होतं त्यांच्याकडेच पाठवा. ‘डेव्हिड करता का, वर्षाला साधारण किती?’ असा प्रश्न रुग्णाने सर्जनना विचारला तर राग मानू नका, उलट विचारायला सांगा. महाधमनीचा झडपेलगतचा मुळाचा भाग शाबूत असून फुगा फक्त वर असेल, तर तेवढाच तुकडा बदलून भागतं. महाधमनी वर जाऊन वळते त्या कमानीपर्यंत फुगा गेला असेल तर शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवावं लागतं आणि मेंदूला वेगळी नळी घालून रक्त पुरवतात. एवढं तरी घरच्यांना आधी माहीत हवं. आमच्याकडे काही नातेवाईक ऑपरेशननंतर आयसीयूच्या काचेतून पाहत विचारायचे, “सिस्टर, एक झडपच होती ना, मग एवढा वेळ का लागला?”

ठरवून केलेल्या या ऑपरेशनमध्ये, सरावाच्या हातात, शंभरात दोन-तीन रुग्ण जातात. महाधमनी फाटल्यावर मध्यरात्री केलेल्या ऑपरेशनमध्ये पंधरा-वीस. आणि टेबलापर्यंत पोचण्याआधी पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन जातात ते वेगळेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं होतात, पण रेशनकार्ड, मंजुरी, आरोग्यमित्राकडची कागदपत्रं, रक्तदाते यांची जुळवाजुळव करायला हातात दिवस असावे लागतात. माप वेळेवर कळलेल्या गरिबाला ते मिळतात.

झडप कोणती बसवायची याविषयी मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण त्याचे परिणाम मी वॉर्डात पाहिले आहेत. साधारण पन्नाशीच्या आतल्या रुग्णाला धातूची झडप सुचवतात, कारण ती टिकते. पण तिच्यासोबत अॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध जन्मभर येतं आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी पीटी-आयएनआरची तपासणीही. ज्या गावात आयएनआरसाठी पन्नास किलोमीटर एसटीने जावं लागतं, मजुरी बुडवून, तिथल्या माणसाची तपासणी तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर जाते आणि मग एक दिवस बंदच होते. नंतर तो गुठळीने अडकलेली झडप किंवा लकवा घेऊन परत येतो. नाहीतर गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि पोटात रक्तस्राव होऊन काळी शी होऊ लागली म्हणून येतो. चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवली, डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली आणि आपल्या गरिबांना परवडणारी धातूची झडप मिळाली. त्या झडपेवर गोळीची शिस्त पाळणारी माणसं वर्षानुवर्षं सुखाने जगताना पाहिली आहेत. रात्री वॉर्ड शांत झाला की त्यांच्या छातीतली टिकटिक जवळून ऐकू यायची. तेव्हा धातूची झडप वाईट असं मी म्हणत नाही. ती देण्याआधी एकदा विचारा: आयएनआर कुठे करणार, कोण नेणार, मेथी-पालक-चाकवत घरात रोज होते का आठवड्यातून एकदा. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी होतो, पण ती बंद करायची नसते, तिचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. हे न सांगितल्यामुळे बायका घाबरून पालेभाजी कायमची सोडतात.

मूल व्हायचं असलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत तर हे बोलणं ऑपरेशनच्या आधी, तिच्याशी, सासूच्या गैरहजेरीत व्हायला हवं. वॉरफरिनने पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला इजा होऊ शकते, आणि गोळी मनानेच बंद केली तर धातूच्या झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. जनावराच्या ऊतींची झडप तरुणपणी लवकर झिजते आणि दुसरं ऑपरेशन ओढवतं. दोन्हीकडे काही ना काही सोसावं लागतं, म्हणूनच निवड तिची असली पाहिजे. आणि महाधमनी रुंद असलेल्या बाईने दिवस जाण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटलंच पाहिजे. बाळंतपणाच्या आधीचे शेवटचे महिने आणि नंतरचे काही आठवडे महाधमनी फाटण्याच्या दृष्टीने फार नाजूक असतात. आपल्या प्रसूतितज्ज्ञ सहकाऱ्यांच्या कानावर हे घाला.

फॅमिली डॉक्टरांना दोन विनंत्या आहेत. छातीत कळ आणि पाठीत गेलेली वेदना घेऊन माणूस आला, त्यातही ‘दोन पाकळ्या’ असा कागद त्याच्याजवळ असेल, तर हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी दोन्ही हातांचा रक्तदाब घ्या. फरक मोठा असेल तर आधी महाधमनी फाटली नाही ना ते पाहा, कारण फाटलेल्या महाधमनीवर ते औषध जीवघेणं ठरतं. दाब दोन्हीकडे सारखा आला तरी शंका पूर्ण जात नाही, हेही लक्षात असू द्या. दुसरी विनंती प्रतिजैविकांबाबत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांमुळे महाधमनी फाटण्याची शक्यता वाढते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आणि महाधमनीचा फुगा असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ही औषधं देऊ नका असं सांगितलं. आपल्याकडे जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की हीच गोळी मेडिकलमधून हातावर ठेवली जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. शाळा-अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासली जातात, जन्मजात हृदयदोष शोधले जातात, हे मोठं काम आहे. पण त्याची मर्यादा १८ वर्षांची, आणि ही झडप बोलायला लागते त्याच्या कितीतरी नंतर. शाळेच्या तपासणीत कुणाच्या कार्डावर ‘दोन पाकळ्या’ लिहिलं गेलं असेल, तर अठरावं वर्ष संपताना तो मुलगा कुठल्या तरी मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या यादीत गेला पाहिजे. सध्या तो कुणाच्याच यादीत जात नाही. आपण जिल्ह्याच्या रुग्णालयात बसत असाल, तर हे आपल्या पातळीवर करता येण्यासारखं आहे. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

आणि डिस्चार्ज कार्ड. ते मराठीत हवं. झडप कोणती, कितव्या नंबरची, महाधमनीचा कुठला भाग बदलला, कुठला राहिला आणि त्याचा आजचा व्यास किती, पुढचं सीटी कधी, आयएनआर कितीच्या मध्ये ठेवायचा, दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला कृत्रिम झडपेचं सांगून आधी प्रतिजैविक घ्यायचं, किती वजन उचलायचं नाही, घरातल्या कुणाकुणाचा एको झाला आणि कुणाचा राहिला. यातली शेवटची ओळ रुग्णासमोर बसून, नावं विचारून, पेनने भरा. आमच्या विभागात तशी भरायला लागल्यापासून भावंडं, मुलं स्वतःहून एकोला येऊ लागली.

आपली,
हृदयशस्त्रक्रिया विभागातील एक निवृत्त परिचारिका